ज्येष्ठांचा खोकला आणि त्यांचे जुने काम: डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी करायची तयारी

इंदूरच्या मराठी घरांत सत्तरी ओलांडलेल्या माणसाला धाप लागू लागली की कारणे आधीच ठरलेली असतात: एक तर वय झाले, नाही तर आयुष्यभर विड्या ओढल्या. दोन्ही खरी असू शकतात. पण त्या माणसाने विशीपासून साठीपर्यंत कोणत्या हवेत काम केले, हे बहुधा कोणी विचारत नाही. घरच्यांना ते माहीतच आहे असे वाटते, आणि बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टरांकडे एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे असतात. रुग्णही आपणहून सांगत नाही, कारण गिरणी बंद होऊन तीस वर्षे उलटल्यावर त्या कामाचा आजच्या खोकल्याशी काही संबंध असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात धुळीमुळे होणारे फुफ्फुसांचे कित्येक आजार काम सुरू केल्यापासून दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी डोके वर काढतात आणि काम सुटल्यानंतरही वाढत राहतात. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी, रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस’ हेही विचारलेच पाहिजे, असे आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते. तीनशे वर्षांनंतरही त्या प्रश्नाचे उत्तर केसपेपरावर क्वचितच सापडते. म्हणून ते उत्तर आपणच लिहून न्यावे.

कामाची टाचण कशी करावी

एक कोरा फुलस्केप घ्यावा आणि वडीलधाऱ्या माणसाजवळ निवांत बसावे. पहिल्या नोकरीपासून आजपर्यंतचे प्रत्येक काम क्रमाने लिहावे: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या ठिकाणी, कोणत्या खात्यात, आणि हाताने नेमके काय करत होते. ‘मालवा मिलमध्ये होते’ एवढे पुरेसे नाही. त्याच गिरणीत ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फोडणारा माणूस, कार्डिंगमध्ये कापूस पिंजणाऱ्या यंत्रावरचा माणूस, लूमवरचा विणकर आणि कचेरीतला कारकून यांनी घेतलेली हवा एकसारखी नव्हती. ब्लो रूम आणि कार्डिंग ही सर्वांत धुळीची खाती, तेव्हा खात्याचे नाव हाच या टाचणीतला सर्वांत मोलाचा शब्द होय. वर्षे आठवत नसतील, तर घरातल्या घटनांचा आधार घ्यावा. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणत्या खात्यात होतात, असे विचारले की उत्तर चटकन मिळते.

‘धूळ होती का?’ हा प्रश्न विचारू नये. ज्याने पंचवीस वर्षे तीच हवा घेतली, त्याला ती धूळ वाटतच नाही. तो ‘तशी काही फार नव्हती’ असे म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी विचारावे की पाळी सुटल्यावर कपडे झटकले तर काय पडत असे, नाक शिंकरल्यावर रुमालावर कोणता रंग दिसे, चार हातांवरचा माणूस स्पष्ट दिसे की धूसर, तोंडाला काही बांधत होता का आणि ते कोणी दिले होते, पाणी मारून काम होई की कोरडेच, आणि त्याच खात्यातल्या सोबत्यांचे पुढे काय झाले. शेवटचा प्रश्न अवघड आहे, तरी विचारावा. एकाच खात्यातले चार-पाच जण खोकत खोकत गेले असतील, तर ती माहिती डॉक्टरांच्या दृष्टीने एखाद्या तपासणीइतकी महत्त्वाची असते.

इंदुरात एक गोष्ट विशेष जपावी लागते. हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि पन्नाशीच्या आत-बाहेर असलेले हजारो कामगार मिळेल त्या कामाला लागले. कोणी सांवेर रोडवरच्या कारखान्यात, कोणी पीथमपूरला वेल्डिंग किंवा ढलाईत, कोणी बांधकामावर, कोणी पिठाच्या चक्कीवर, कोणी धान्यमंडीत हमाल म्हणून. घरात आठवण राहते ती गिरणीची, कारण ती ‘पक्की’ नोकरी होती; नंतरची पंधरा वर्षे ‘असंच काहीबाही केलं’ या तीन शब्दांत गुंडाळली जातात. फुफ्फुसाचे खरे नुकसान कित्येकदा त्या पंधरा वर्षांत झालेले असते. टाचणीत त्यांना गिरणीइतकीच जागा द्यावी.

घरातल्या बायकांचीही अशीच टाचण करावी; त्यांचे काम ‘काम’ म्हणून मोजले जात नाही म्हणून तर अधिकच काळजीने. आजींनी गिरणीच्या सूत गुंडाळण्याच्या (वाइंडिंग) खात्यात काही वर्षे काढली असतील, मसाला कांडप केले असेल, चुलीपुढे तीस वर्षे बसल्या असतील, किंवा नवऱ्याचे धुळीने भरलेले कामाचे कपडे रोज आपटून धुतले असतील. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तर केवळ कामगाराचे कपडे धुतल्याने घरातल्या स्त्रियांना आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

कोणत्या कामातून काय संभवते

निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. तरी कोणत्या कामाशी कोणता आजार जोडलेला असतो, याची कल्पना असली की टाचणीत काय ठळक करावे हे कळते.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची जुनी खूण अशी की साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, कामावर रुजू झाल्यावर काही तासांनी, छाती आवळल्यासारखी होते, आणि आठवडा सरकत जाईल तशी ती हळूहळू सुटते. पुढे हा त्रास आठवड्याचे सगळे दिवस राहू लागतो आणि कालांतराने कायमचा होतो. निवृत्त कामगाराला आज तो कायमचाच जाणवतो, म्हणून आरंभी तो कसा होता हे मुद्दाम विचारावे लागते: ‘सुट्टीनंतरच्या दिवशी छाती जड व्हायची का?’ हा प्रश्न कानावर पडताच पुष्कळ जुन्या गिरणी कामगारांचा चेहरा बदलतो. या आजारात एक्स-रेवर त्याची अशी खास खूण नसते. फिल्म ‘नॉर्मल’ आली म्हणून फुफ्फुस निरोगी आहे, असा अर्थ लावू नये.

दगडाच्या धुळीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. दगड, वाळू आणि चिनीमातीच्या कच्च्या मालात असणारा स्फटिकरूप सिलिका, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो आणि तिथे व्रणाच्या गाठी तयार करतो, हाच सिलिकोसिस. खाणकाम, क्रशर, फरशी आणि ग्रॅनाइट कापणे-घासणे, ओतशाळेतील वाळूचे साचे फोडणे, वाळूच्या फवाऱ्याने गंज काढणे, भिंतीत ड्रिल मारणे या सर्व कामांत तो संभवतो. मंदसौरचा पाटीवरच्या पेन्सिलींचा धंदा यासाठी देशभर कुप्रसिद्ध झाला होता. साधारणतः हा आजार दिसायला दहा ते वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, पण धूळ अतिशय दाट असेल तर थोड्या वर्षांतही होतो. अलीराजपूर, झाबुआ आणि धार भागांतून गुजरातेत गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेलेल्या आदिवासी मजुरांना तो असाच ऐन तारुण्यात झाला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना भरपाई देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. त्यामुळे ‘क्रशरवर तर दोनच वर्षे होते’ म्हणून ते काम टाचणीतून गाळू नये.

सिलिकोसिस असलेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि दोन्हींच्या सावल्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या वरच्या भागातच पडतात. यातून दोन प्रकारच्या चुका होतात. एक तर केवळ फिल्म पाहून, थुंकीत जंतू न सापडताही, क्षयाची औषधे पुनःपुन्हा सुरू केली जातात. किंवा ‘हा तर धुळीचाच आजार’ म्हणून सोबत जडलेला क्षय निसटतो. दगडाचे काम केलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत थुंकीची जनुकीय तपासणी, जिला सीबी-नॅट म्हणतात, झाली आहे का, हे घरच्यांनी आवर्जून विचारावे.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापणे, जुने पाइप आणि बॉयलरचे वेष्टण काढणे, ब्रेकच्या लायनिंगचे काम, यांतून होणारे आजार तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवू शकतात. त्यात विडी-सिगारेटची जोड असेल, तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी चढतो. वेल्डिंगचा धूर आणि डिझेलचा धूर हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलेले आहेत. गाड्यांच्या रंगाच्या फवाऱ्यातल्या आयसोसायनेट या रसायनांमुळे दमा जडतो, तर पीठ, मसाले आणि बुरशी आलेले धान्य यांची ॲलर्जी होते.

माळव्यासाठी सोयाबीनचा उल्लेख वेगळा करायला हवा. १९८० च्या दशकात स्पेनमधील बार्सिलोना शहरात ठराविक दिवशी एकाएकी शेकडो लोक दम्याच्या झटक्याने रुग्णालयात येऊ लागले. शोध घेतल्यावर कळले की बंदरावर सोयाबीन उतरवले जाई त्या दिवशी हे घडत होते, आणि कोठाराला गाळण्या बसवल्यावर हा प्रकार थांबला. आपल्याकडे मंडीत आणि तेल काढण्याच्या कारखान्यांत सोयाबीनची पोती उलटणाऱ्या हमालाला ती धूळ कोसांवरून येत नाही, थेट तोंडावर उडते.

धाप किती लागते, हे कसे मोजावे

‘धाप लागते का?’ याचे उत्तर ज्येष्ठ माणूस ‘नाही’ असेच देतो, आणि तो खोटे बोलत नसतो. ज्या हालचालीने धाप लागते ती हालचालच त्याने सोडून दिलेली असते. तेव्हा विचारावे की गेल्या दोन-तीन वर्षांत काय करणे सोडले: गच्चीवर जाणे, स्वतः भाजी आणणे, सायंकाळी राजवाड्यापर्यंत पायी जाणे, देवपूजेला खाली बसून उठणे? डॉक्टरांची धापेची मोजपट्टीही याच धर्तीची आहे. सपाट रस्त्यावर समवयस्कांपेक्षा हळू चालावे लागते का, स्वतःच्या गतीने शंभर मीटर चालल्यावर थांबावे लागते का, कपडे घालतानाही दम लागतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे टाचणीच्या तळाशी लिहावीत.

थुंकीत रक्त येणे, कारण नसताना वजन उतरणे, संध्याकाळी बारीक ताप, पायांवर सूज, ही लक्षणे दिसली तर टाचणीसाठी थांबू नये, लगेच दाखवावे. ओठ निळसर पडणे, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, किंवा बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली जाणे, यांत तर तातडीने रुग्णालय गाठावे. हा आकडा दाखवणारे ऑक्सिमीटर लावताना बोट गार नसावे आणि नखावर रंग नसावा. माळव्यातल्या थंडीच्या रात्री गार पडलेल्या बोटावर यंत्र भलतेच आकडे दाखवते.

तपासणीला जाताना

इंदुरात महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न मनोरमा राजे क्षयरोग रुग्णालय छातीच्या आजारांसाठी आहे, आणि कर्मचारी राज्य विम्याचे रुग्णालय नंदानगरला आहे. कुठेही गेलात तरी सोबत तीन गोष्टी न्याव्यात: टाचण, जुने सगळे एक्स-रे (नुसते अहवाल चालणार नाहीत, फिल्म हव्यात, कारण दहा वर्षांपूर्वीची सावली आणि आजची सावली शेजारी ठेवल्यावरच पुष्कळ गोष्टी उलगडतात), आणि चालू असलेली सर्व औषधे एका पिशवीत. टाचणीतले शब्द हिंदी भाषक डॉक्टरांना समजतील असे ठेवावेत. लिपी एकच असल्याने एवढी सोय सहज होते.

औषधांच्या पिशवीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तिथे अनपेक्षित उत्तरे सापडतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला होतो. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घातले तरी रक्तात उतरून दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकतात, आणि डोळ्यांचे थेंब ‘औषधांत’ मोजायचे असतात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हृदय अशक्त झाल्याने किंवा रक्त कमी असल्यानेही धाप लागते. म्हणजे जुने काम हे एकच कारण धरून बसणेही योग्य नव्हे. आणि कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

मुख्य तपासणी स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याची. यंत्राच्या नळीत जोराने आणि शेवटपर्यंत फुंकायचे असते, किमान तीन वेळा. समोरचा तंत्रज्ञ ‘और, और, और’ असे ओरडत असतो. तो रागावलेला नाही, हे आजोबांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर ते अर्ध्यावर थांबतात आणि तपासणी वाया जाते. त्याआधी दोन तास भरपेट जेवू नये, सैल कपडे घालावेत, आणि इनहेलर चालू असेल तर किती तास आधी थांबवायचा हे विचारून घ्यावे. कवळी घट्ट बसत असेल तर ती तशीच राहू द्यावी, कारण कवळी काढली की ओठांचा वेढा सैल पडतो. हलणारी असेल तरच काढावी. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर ते फुंकण्यापूर्वीच सांगावे. वाढत्या वयात फुफ्फुसाची लवचिकता स्वाभाविकपणेच कमी होते, म्हणून पहिल्या सेकंदातील हवा आणि एकूण हवा यांच्या गुणोत्तराची ०.७० ही सरधोपट सीमा लावली तर निरोगी ज्येष्ठही आजारी ठरू शकतो. वयानुसार असलेली खालची मर्यादा पाहिली का, असे विनयाने विचारण्यास हरकत नाही. सिलिकोसिस किंवा ॲस्बेस्टोसिसचा संशय असेल तर पुढे एचआरसीटी, म्हणजे छातीचा अधिक बारकाईचा सीटी स्कॅन, सांगितला जातो.

डॉक्टरांनी टाचण पाहिल्यावर त्यातला सारांश केसपेपरावर लिहावा, अशी विनंती करावी. ‘सोळा वर्षे कार्डिंग खात्यात, नंतर नऊ वर्षे क्रशरवर’ ही एक ओळ सरकारी कागदावर आली की पुढच्या प्रत्येक डॉक्टरांपर्यंत ती आपोआप पोहोचते, आणि हक्काच्या कामीही येते.

हक्क आणि कागद

सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस आणि बिसिनोसिस हे कायद्याने मान्य केलेले व्यवसायजन्य आजार आहेत. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत त्यांची नावे होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तर असा रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवण्याची जबाबदारी डॉक्टरांवरच टाकली होती. दावा मात्र कामाच्या पुराव्यावर उभा राहतो. गेटपास, भविष्यनिर्वाह निधीची पावती, विम्याचे कार्ड, सेवापुस्तिका, जे असेल ते जपावे. हुकुमचंद मिलच्या कामगारांची सुमारे २२४ कोटी रुपयांची थकबाकी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली. त्या निमित्ताने ज्यांनी जुने कागद शोधून काढले, त्यांनी पैसे मिळाले म्हणून ते रद्दीत घालू नयेत.

विमित नोकरीत किमान पाच वर्षे काढून वयोमानाने निवृत्त झालेल्यांना, वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी कर्मचारी राज्य विम्याची वैद्यकीय सेवा घेता येण्याची तरतूद आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले आहेत. आधार कार्ड दाखवून त्यासाठीचे वयवंदना कार्ड आधीच काढून ठेवावे, दाखल करण्याच्या रात्री धावपळ करू नये.

घरी आणि कामावर घ्यायची काळजी

व्रण झालेले फुफ्फुस पूर्ववत होत नाही. उपचारांचा पहिला भाग म्हणजे धूळ थांबवणे. अनेक ज्येष्ठ अजूनही चक्कीवर बसतात किंवा बांधकामावर चौकीदारी करतात; ‘हलकं काम आहे’ असे म्हटले जाते, पण चौकीदाराची खुर्ची फरशी कापण्याच्या यंत्राशेजारी असेल तर ते हलके नाही. तोंडाला बांधलेला गमछा सूक्ष्म कण अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, दाढीवर बसत नाही, आणि आधीच धाप लागणाऱ्या माणसाला तो लावून श्वास घेणे जड जाते. म्हणून मास्कवर विसंबण्यापेक्षा माणसालाच धुळीतून हलवावे. कापणे-घासणे पाणी सोडून करता येत असेल तर तसेच करायला लावावे.

घरात कोरड्या झाडूऐवजी ओले पोछे वापरावे. अंगणात गादीचा कापूस पिंजणे, घराची डागडुजी, दिवाळीची साफसफाई, या दिवसांत आजोबांना चार दिवस लेकीकडे पाठवावे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, ही इंदूरची शान आहे आणि तिच्याबद्दल वाकडे बोलण्याची माझी इच्छा नाही, पण राजवाड्यापुढे यंत्रांनी आकाशात उडवलेला गुलाल अशा फुफ्फुसांना सोसत नाही. ती दूरदर्शन संचावर पाहावी.

विडी कोणत्याही वयात सोडली तरी लाभ होतो. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची न्यूमोकोकसची लस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे घ्यावी. इनहेलर लिहून दिला असेल तर तो डॉक्टरांसमोर ओढून दाखवावा: पावडरच्या इनहेलरला जोराचा श्वास लागतो, तो जमत नसेल तर स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून फवाऱ्याचा इनहेलर मागावा, आणि स्टेरॉइड असलेले औषध घेतल्यावर चूळ भरावी. धाप लागल्यावर नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावत सावकाश सोडावा. रोज सपाट रस्त्यावर थांबत थांबत चालणे चालू ठेवावे, कारण धापेच्या भीतीने बसून राहिले की पायांचे स्नायू दुबळे होतात आणि त्याच श्रमाला आणखी धाप लागते.

स्पायरोमेट्री साधारण वर्षातून एकदा, शक्यतो त्याच केंद्रावर, पुन्हा करावी आणि आलेले आकडे तारखेसह त्याच फुलस्केपच्या मागच्या बाजूला लिहीत जावे.